गाडीतला आवाज नीट कसा लावायचा? सहा सोप्या पायऱ्या

आजचा भाग गाडीच्या म्युझिक सिस्टीमवर. बऱ्याच जणांचा उपाय ठरलेला असतो: बेस फुल, ट्रेबल फुल, व्हॉल्यूम फुल. मग गाण्यात ढमढम ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत. नवे स्पीकर घ्यायच्या आधी सेटिंग तपासू. गाडी उभी असतानाच हं, चालवताना नाही.

पायरी १: सुरुवात फोनपासून. ॲपमधली ऑडिओ क्वालिटी 'हाय' करा. फोनचा इक्वलायझर बंद ठेवा, नाहीतर फोनही बेस वाढवतो आणि गाडीही. दोन्ही मिळून आवाजाचा चिखल होतो. ब्लूटूथवर फोनचा व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त स्टिअरिंगवरून करा. फोनचा आवाज बारीक असला की गाडीचा वाढवावा लागतो, आणि त्यासोबत खरखरही वाढते.

पायरी २: सगळं शून्यावर आणा. बेस, मिड, ट्रेबल शून्य. 'रॉक', 'पॉप' वगैरे तयार सेटिंग आणि लाउडनेस बंद. आधी मूळ आवाज कसा आहे ते ऐका.

पायरी ३: ओळखीचं गाणं लावा. 'सैराट'ची (२०१६) गाणी यासाठी मस्त आहेत. त्यांचं संगीत हॉलिवूडमध्ये खऱ्या सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबत रेकॉर्ड झालंय, त्यामुळे व्हायोलिनपासून ढोलापर्यंत सगळं तपासता येतं. आता फेडर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या स्पीकरमधला तोल. मागे कुणी बसलं नसेल तर तो थोडा पुढे घ्या. गायक समोर उभा राहून गातोय असं वाटलं पाहिजे.

पायरी ४: वाढवण्याआधी कमी करून बघा. हे महत्त्वाचं! बेस ६ डेसिबलने वाढवला, तर त्या पट्ट्यात ॲम्प्लिफायरला सुमारे चौपट पॉवर द्यावी लागते. ती त्याच्याकडे नसली की आवाज फाटतो. दारातल्या साडेसहा इंची स्पीकरकडून सबवूफरची अपेक्षा करू नका. शब्द कळत नसतील तर बेस एक-दोन घर खाली आणा. माणसाच्या बोलण्यातली स्पष्टता मुख्यतः २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास असते, आणि जास्तीचा बेस तीच झाकून टाकतो. 'स' आणि 'श' कानाला टोचत असतील तर ट्रेबल एक घर कमी करा.

पायरी ५: टाइम अलाइनमेंट असेल तर वापरा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून उजवा स्पीकर जवळ, डावा लांब. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. समजा दोन्ही अंतरांत ५० सेंटिमीटरचा फरक आहे, तर उजव्या स्पीकरला सुमारे दीड मिलिसेकंद उशीर द्यायचा. मग दोन्हीकडचा आवाज एकाच वेळी कानावर येतो. ही सोय नसेल तर बॅलन्स किंचित डावीकडे सरकवा.

पायरी ६: हायवेवर पुन्हा ऐका. टायर आणि रस्त्याची घरघर खालच्या पट्ट्यात असते, ती बेस गिळते. म्हणून उभ्या गाडीत छान वाटलेला आवाज वेगात पातळ वाटतो. बेस एखादं घर वाढवा, तेवढं पुरे. वेगाप्रमाणे व्हॉल्यूम वाढवायची सोय असेल तर 'लो'वर ठेवा. वाजताना दार थरथरत असेल, तर आधी दाराच्या कप्प्यातली नाणी आणि बाटल्या काढा!

आता शेवटचं. अमेरिकेतल्या 'नायॉश' या संस्थेची कामाच्या जागेसाठीची मर्यादा सांगते: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! बंद काचांच्या गाडीत मोठ्या आवाजाची सवय पटकन होते आणि व्हॉल्यूम चढत जातो. आतल्या कानाच्या नाजूक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. गाडीतून उतरल्यावर कानात शिट्टी वाजत असेल, तर तो आवाज जास्तच होता.

साधी खूण लक्षात ठेवा: शेजारच्याशी ओरडावं लागत नाही आणि मागून येणारी ॲम्ब्युलन्स ऐकू येते, तो व्हॉल्यूम बरोबर. सेटिंग नीट असेल तर तेवढ्या आवाजातही गाणं भरलेलं वाटतं.

करून बघा, आणि कुठली पायरी सगळ्यात जास्त उपयोगी पडली ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!