टीजी मॅडम, एक सही पाहिजे होती!

"मॅडम, एक सही पाहिजे होती."

स्टाफरूमच्या दारात एक मुलगा उभा होता. हातात 'नो ड्यूज'चा फॉर्म. लायब्ररीची सही झालेली, वर्कशॉपची झालेली, अकाउंट्सचा शिक्कासुद्धा पडलेला. शेवटचा एकच चौकोन रिकामा. त्यावर छापलं होतं, 'टीचर गार्डियन'. म्हणजे अस्मादिक!

"कशाला रे नो ड्यूज?"

"दाखला काढायलोय मॅडम."

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगा आमच्या मुरगूडच्याच बाजूचा, वेदगंगेकाठच्या एका छोट्या गावातला. गारगोटीहून डिप्लोमा करून कोल्हापुरात डायरेक्ट सेकंड इयरला आलेला. डिप्लोमाला मस्त मार्क. आणि आता वर्ष पुरं व्हायच्या आत दाखला? तो मागायची वेळ त्याच्यावर आणण्यात माझाही हात होता, हे मला त्या क्षणी माहीत नव्हतं.

टीजी म्हणजे काय रे भाऊ?

इंजिनीअरिंग केलेल्या मंडळींनो, जरा डोक्याला ताण द्या. तुमच्या टीजीचं नाव आठवतंय? कुठे त्याला टीजी म्हणतात, कुठे जीएफएम म्हणजे गार्डियन फॅकल्टी मेंबर, तर कुठे नुसतंच मेंटॉर. नाही ना आठवत? बरोब्बर! सबमिशनच्या वेळी, हजेरी कमी पडली की, नाहीतर दाखला काढताना, एवढ्यापुरतीच आपली आणि त्यांची भेट.

मीसुद्धा त्यातलीच. मूळची मुरगूडची. ई अँड टीसी केलं, चार वर्षं हिंजवडीत कोड लिहिला, मग एमई करून शिकवायला लागले. रोज सकाळी मुरगूडहून कागलमार्गे कोल्हापूर आणि संध्याकाळी परत. पुण्यातल्या मैत्रिणी विचारतात, "शिकवतेस ते कळलं गं, पण हे टीजी म्हणजे नक्की करतेस काय?"

सांगते. साधारण वीस मुलं माझ्या नावावर असतात. त्यांची हजेरी, मार्क, केटी, स्कॉलरशिपचे फॉर्म, घरचे फोन नंबर, सगळं एका रजिस्टरमध्ये. नॅकची टीम आली की एका मेंटॉरमागे किती मुलं हेही विचारते, त्यामुळे रजिस्टर कसं चकाचक ठेवावं लागतं. एआयसीटीईने २०१८ मध्ये जो मॉडेल करिक्युलम आणला, त्यात पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्रॅमही आला. मुलाला आल्या आल्या एम-वनच्या तोंडी देऊ नका, आधी जरा रुळू द्या, असा त्यामागचा विचार.

अमेरिकेत एमएसला गेलेली माझी एक मैत्रीण सांगते की, तिथे अॅकॅडमिक अॅडव्हायझर ही वेगळी, पूर्ण वेळची नोकरी असते. तिच्या युनिव्हर्सिटीत तर अॅडव्हायझरला भेटल्याशिवाय पुढच्या सेमिस्टरचे विषयच घेता येत नाहीत. आमच्याकडे काय? दिवसाची लेक्चर्स, प्रॅक्टिकल्स, पेपर तपासणं हे सगळं झालं की उरलेल्या वेळात आम्ही अॅडव्हायझर!

पण म्हणून ही कल्पना परदेशातून आली असं समजू नका हं. राजर्षी शाहूंनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातल्या पोराला नुसतं 'शीक' म्हणून भागत नाही, तो राहणार कुठे आणि जेवणार काय याचं उत्तर आधी शोधायला लागतं, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. मुरगूडहून मुदाळ तिट्ट्यावरून पुढे गेलं की गारगोटी. तिथलं मौनी विद्यापीठ घडवणारे डॉ. जे. पी. नाईक पुढे कोठारी आयोगाचे सदस्य सचिव झाले. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या त्या आयोगाने मार्गदर्शन हा शिक्षणाचाच भाग मानला होता. म्हणजे बघा, माझ्या एसटीच्या टप्प्यातच या विषयातली दोन मोठी माणसं होऊन गेली. आणि मी काय करत होते? रजिस्टर भरत होते.

फोन फिरवला आणि…

त्या मुलाच्या नावापुढे मी लाल पेनने लिहिलं होतं, 'हजेरी ५२ टक्के. एम-थ्री नापास. पालकांना कळवणे.'

एम-थ्री म्हणजे डायरेक्ट सेकंड इयरवाल्यांचा कर्दनकाळ! बारावीहून आलेली मुलं एम-वन, एम-टू करून तिथे पोचतात. डिप्लोमावाली मुलं थेट लाप्लास आणि फोरियरच्या समोर उभी राहतात. वर्कशॉपमध्ये, ड्रॉइंगमध्ये ही मुलं बाकीच्यांच्या चार पावलं पुढे असतात, पण गणिताच्या तासाला मान खाली. दरवर्षी हेच चालतं आणि आम्हाला सगळ्यांना ते माहीत असतं.

तरी मी काय केलं? नियमाप्रमाणे घरी फोन लावला. वडिलांनी उचलला. मी माझ्या ऑफिशियल आवाजात सांगून टाकलं, "तुमचा मुलगा निम्म्या तासांना नसतो. असंच चाललं तर टर्म ग्रँट होणार नाही."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "बरं मॅडम." फोन बंद. मी रजिस्टरमध्ये टिक केली. काम झालं!

त्यानंतर तो कॉलेजात यायचाच बंद झाला. आणि महिन्याभराने आला तो हा फॉर्म घेऊन.

का कोण जाणे, मी सही केली नाही. "आज शिक्का नाहीये, सोमवारी ये," अशी थाप मारली आणि रविवारी सकाळी स्कूटी काढून सरळ त्याचं गाव गाठलं. घर विचारावं लागलंच नाही. दूध संस्थेच्या दारात किटल्यांची रांग लागली होती आणि आत फॅट काढत बसला होता आमचा हिरो!

दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या हाताला दुखापत झालेली, जड काम होत नव्हतं. संस्थेतलं सकाळ-संध्याकाळचं काम पोराने उचललं. दूध संकलन उरकून एसटी धरायची, म्हणजे पहिली दोन लेक्चर्स गेलीच. आणि एम-थ्रीचा तास नेमका पहिला! परत यायचं ते संध्याकाळच्या संकलनाच्या वेळेत, म्हणजे शेवटचं प्रॅक्टिकलही गेलं. रात्री पुस्तक उघडलं तर समजावून सांगायला कोणी नाही.

वडील म्हणाले, "मॅडम, दहा दिवसाला दुधाचं बिल येतंय म्हणून तर घर चाललंय वो. त्यो कुठं उंडगत नव्हता. पण तुमचा फोन आला आन् मला वाटलं, पोरगं आपल्यामुळंच नापास हुतंय. मीच म्हटलं, सोड शाळा."

खरं सांगते, त्या ओट्यावर बसून चहा गळ्याखाली उतरेना. माझ्या रजिस्टरमध्ये त्या मुलाचे बावीस कॉलम होते. त्यातल्या एकातही 'तू कितीला उठतोस?' हा प्रश्न नव्हता. आणि मी त्याच्या घरी फोन केला, पण त्याच्याशी एकदाही बोलले नव्हते.

सोप्यातला एम-थ्री

पुढे काय? सिनेमात असतं तसं काही झालं नाही. त्याची टर्म गेलीच. वर्षही गेलं. नियम म्हणजे नियम.

पण दाखला मात्र काढला नाही. सकाळचं संकलन चुलतभावाने घ्यायचं आणि त्याबदली याने सुट्टीच्या दिवशी दोन्ही वेळा बसायचं, असं ठरलं. शेवटचं प्रॅक्टिकल असेल त्या दिवसांपुरती संध्याकाळही भावाकडे. आणि दर रविवारी दुपारी मुरगूडला आमच्या घरच्या सोप्यात एम-थ्री. म्हणजे खरं तर अकरावी-बारावीचं गणित! इंटिग्रेशन बाय पार्ट्स नीट बसल्यावर लाप्लासचं भूत आपोआप लहान झालं. मी इंग्रजीत वाचायचे, तो मराठीत समजून घ्यायचा आणि परत इंग्रजीत लिहायचा. २०२१ मध्ये एआयसीटीईने मराठीसह आठ भारतीय भाषांमध्ये इंजिनीअरिंग शिकवायला परवानगी दिली, तेव्हा माझ्या आयटीतल्या मित्रांनी "मग जॉब कोण देणार?" म्हणून नाकं मुरडली होती. त्यांना एकदा या सोप्यात आणून बसवायला हवं.

पुढच्या परीक्षेत एम-थ्री सुटला. काठावरच, पण सुटला! या वर्षी तो फायनल इयरला आहे. कॅम्पसमध्ये काय होईल ते होईल. कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत काम करायचं, म्हणजे घरी राहता येईल, असं त्याचं चाललंय. मला वाटतं त्याने एकदा पुणे बघावं. यावर आमचं रोज एसटीत भांडण होतं.

रविवारचा कट्टा

गावात बातमी पसरायला वेळ लागतो का? आता रविवारी आमच्या सोप्यात एक नाही, पाच-सहा मुलं असतात. जून-जुलैत तर अॅडमिशनवाल्यांचीही जत्रा! बारावी झालेली पोरं, त्यांचे आई-बाप, कधी एखादा मामासुद्धा.

"मॅडम, कॉम्प्युटर घ्यावं का एआय?"

"मेकॅनिकलला आता काय स्कोप नाही म्हणत्यात, खरं काय?"

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांनी ज्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या घरं चालवली, तिथे हा दुसरा प्रश्न! मी आता उत्तर द्यायची घाई करत नाही. आधी मुलालाच विचारते, "तुला काय उघडून बघायला आवडतं?" नव्वद टक्के वेळा उत्तर बापच देतो. मग बापाला चहा देऊन सर पिराजीराव तलावाकडे फिरायला पाठवायचं आणि पोराशी एकट्याने बोलायचं. हा माझा फंडा!

मुलींच्या बाबतीत आता एक मोठी गोष्ट झालीये. २०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून येणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं. पण खोलीचं भाडं आणि मेसचं बिल राहतंच. त्यामुळे "फी माफ आहे, पाठवा" असं म्हणून मी थांबत नाही. राहणार कुठे, हे त्याच बैठकीत विचारून घेते. शाहू महाराजांचा धडा उशिरा का होईना, गिरवतेय!

आता तुमची पाळी

तुम्ही म्हणाल, हे आम्हाला कशाला सांगतेस? अहो, गावाकडच्या मावशीचा फोन तुम्हालाही येतोच की! "तू पुण्याला कंपनीत आहेस, जरा आमच्या बंड्याला सांग बरं." म्हणजे पगार नसला तरी अॅडव्हायझर तुम्हीही आहातच. तर चार गोष्टी लक्षात ठेवा.

• आधी बंड्याशी बोला, मावशीशी नंतर. दोघं एकाच वेळी लाइनवर असतील तर बंड्या खरं बोलणार नाही.

• ऑप्शन फॉर्ममध्ये पहिला पर्याय खरंच हवा असेल तोच भरायला सांगा. पहिल्या फेरीत तोच मिळाला तर तो घ्यावाच लागतो. 'सहज भरून बघू' हा प्रकार इथे चालत नाही.

• डिप्लोमावाला असेल तर सुट्टीतच गणित सुरू करायला सांगा. एम-थ्री कोणाची वाट बघत नाही.

• नापास झाला असेल तर 'का?' विचारण्याआधी 'दिवस कसा जातो?' विचारा. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत. कारण बहुतेक वेळा त्यातच सापडतं.

मी नवीन रजिस्टर केलंय. बावीस कॉलम आहेतच, नॅकला लागतात. तेविसावा मी पेनने आखलाय. त्यात कितीला उठतो, कितीची एसटी, घरी कोण कोण, एवढंच. आणि घरी फोन करायचा असेल तर आधी मुलाला समोर बसवून सांगते की, मी फोन करणार आहे आणि हे हे बोलणार आहे.

तो नो ड्यूजचा फॉर्म अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पुढच्या उन्हाळ्यात त्याला पुन्हा एक लागेलच, पास होऊन बाहेर पडताना. मागच्या आठवड्यात एसटीत म्हणाला, "मॅडम, तो जुना फॉर्म द्या की, बाकीच्या सह्या झालेल्या हाईत. तेवढाच हेलपाटा वाचंल!"

म्हटलं, गप बस. सगळीकडे परत फिरायचं. माझी सही सगळ्यात शेवटी.