पैठणीतलं सोनं मोजणारा दिवा

मुलांनो, आजीच्या जुन्या पैठणीचा पदर कधी निरखून पाहिलात? छत्रपती संभाजीनगरहून पन्नासेक किलोमीटरवर पैठण. तिथल्या पैठणीची जर पूर्वी चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा देऊन केलेली असे. आता पुष्कळदा ती तांब्याची, नाहीतर चक्क प्लास्टिकची! नुसत्या डोळ्यांनी फसगत व्हायचीच.

मिठाचं पाणी गॅसवर उतू गेलं की ज्योत पिवळी होते ना? तो मिठातल्या सोडिअमचा प्रकाश. गंमत म्हणजे, जो धातू जो प्रकाश सोडतो, तोच प्रकाश तो शोषूनही घेतो.

१९५५ साली ऑस्ट्रेलियात अ‍ॅलन वॉल्श यांनी यावरून मोजमापाची पद्धत सुचवली. जरीचा धागा जहाल आम्लांच्या मिश्रणात विरघळवायचा (घरी मुळीच नाही हं!) आणि त्या द्रावणाचा फवारा ज्योतीत सोडायचा. ज्योतीतून सोन्याच्या खास दिव्याचा प्रकाश जातो. तो २४२.८ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. तांब्याचे अणू त्याला अडवत नाहीत. सोन्याचे मात्र गिळतात. जितका प्रकाश कमी पोचला, तितकं सोनं जास्त. लिटरभर पाण्यात मिलिग्रॅमभर सोनं असलं, तरी सापडतं!

जुन्या जरीतली चांदी काढायला लोक अख्खी साडी जाळतात. इथं थोडासा धागा पुरतो. तोही आतल्या काठाचा, आणि आजीला विचारूनच, बरं का!