मातीच्या गड्याला जीव आला तर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या वर्धा जिल्ह्यात तान्हा पोळा भरतो. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर दूरवर प्रसिद्ध आहे. चाकांवरचे लाकडी नंदी सजवून पोरे घरोघर जातात आणि बोजारा मागतात. नंदी लाकडाचा आहे हे पोराला पक्के ठाऊक असते. पण समजा, तो खरोखरच चालू लागला, तर? त्याला आवरायचे कोणी?

हा प्रश्न पुष्कळ देशांतल्या लोकांना पडला आहे. शहरातली मुले हल्ली कल्पनेतल्या राज्यांचे खेळ खेळतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा त्यांपैकी एक, अमेरिकेत १९७४ साली निघालेला. त्यात मातीचे, दगडाचे, लोखंडाचे पुतळे मंत्राने चालतात. त्यांना भूक नाही, झोप नाही, भीती नाही. धन्याने सांगितले तेवढे करायचे, बस्स! या पुतळ्यांना तिथे ‘गोलेम’ म्हणतात.

हे नाव ज्यू लोकांच्या जुन्या कथांतले आहे. युरोपात प्राग शहरी यहूदा लोव नावाचे एक धर्मगुरू होते. ते १६०९ साली वारले. त्यांनी नदीकाठच्या मातीचा माणूस घडवून आपल्या लोकांच्या रक्षणासाठी त्याला जिवंत केले, अशी दंतकथा पुढे रूढ झाली. त्याला पाणी भरायला सांगितले आणि ‘पुरे’ म्हणायचे राहून गेले, तेव्हा घरभर पाणी झाले, असेही सांगतात. त्याच्या कपाळावर ‘सत्य’ या अर्थाचा शब्द होता. त्यातले पहिले अक्षर पुसले की उरलेल्या शब्दाचा अर्थ होई ‘मेलेला’, आणि पुतळ्याची पुन्हा माती होई.

आता तुम्ही म्हणाल, हे सारे परदेशातले. तसे नाही बरे! पैठणच्या शालिवाहनाने मातीचे हत्ती, घोडे, शिपाई केले, त्यांत प्राण घातला आणि शत्रूला हरवले, ही गोष्ट आपण गुढीपाडव्याला ऐकतोच. मातीसारख्या थंड पडलेल्या लोकांत त्याने हिंमत भरली, असा तिचा अर्थ जाणते लोक लावतात.

दुसरी गोष्ट ‘नवनाथ भक्तिसार’ या पोथीतली. मालू कवीने ही पोथी शके १७४१, म्हणजे इ. स. १८१९ मध्ये पुरी केली. बाळ गोरक्षनाथ संजीवनी मंत्र पाठ करीत बसले होते. गावची पोरे चिखलाची गाडी करून खेळत होती. ती म्हणाली, आम्हाला गाडीवान करून दे. गोरक्षांनी बाहुले घडवले, पण तोंडी मंत्र चालूच होता. बाहुल्यात जीव आला! पोरे ‘भूत, भूत’ करीत पळाली. गुरू मच्छिंद्रनाथांनी मात्र त्या बाळाला उचलून घेतले, दूध पाजले आणि मूल नसलेल्या एका जोडप्याच्या ओटीत घातले. तेच गहिनीनाथ. निवृत्तिनाथांचे गुरू ते हेच, असे परंपरा सांगते.

दोन गोष्टींतला फरक पाहा. प्रागचा पुतळा काम संपल्यावर पुसला गेला. गहिनी घरात वाढला. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच: घडले त्याची जबाबदारी थोरांनी घेतली. ‘ते मातीचे, मला काय त्याचे?’ असे कोणी म्हटले नाही.

मंत्राने मातीत जीव येत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावे. पण सांगितले तेवढेच करणारे गडी आज आपल्या घरात आले आहेत. विहिरीवरचा पंप घ्या. तो सुरू ठेवून आपण गावात गेलो, तर बांध फुटला काय आणि पऱ्हाटी पिवळी पडली काय, त्याला पत्ता नाही. प्रश्न विचारला की हातातला फोन उत्तर देतो; ते चुकले तर नुकसान फोनचे होत नाही, आपले होते. ‘रोबो’ हा शब्दसुद्धा कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या चेक नाटकातून आला. त्याच्या मुळाशी जो शब्द आहे, त्याचा अर्थ वेठ. वेठीचा गडी राबतो. भल्याबुऱ्याचा विचार हुकूम देणाऱ्यानेच करायचा असतो.

शिक्षक बंधूंनो, वर्गात एक खेळ घ्या. एका मुलाने मातीचा गडी व्हायचे, बाकीच्यांनी हुकूम द्यायचे. त्याने शब्दाबाहेर काही करायचे नाही. ‘फळा पूस’ म्हटले, तर थांब म्हणेपर्यंत तो पुसतच राहील! मुले पोटभर हसतील. मग गहिनीची गोष्ट सांगा आणि विचारा: सारी पोरे पळाली, तेव्हा मच्छिंद्रनाथ का थांबले?