एका मिथिल गटाची करामत

औषधाच्या रेणूत एक कार्बन आणि तीन हायड्रोजन असलेला मिथिल गट जोडला तर काय फरक पडतो? इमॅटिनिब, म्हणजेच ग्लिवेक, हे त्याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात 9 आणि 22 या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि बीसीआर-एबीएल नावाचं कायम चालू राहणारं टायरोसिन कायनेज प्रकारचं एन्झाइम तयार होतं. स्वित्झर्लंडमधल्या बासेलला, सिबा-गायगी कंपनीत, युर्ग झिमरमान आणि सहकाऱ्यांनी फिनिलअमिनोपिरिमिडीनचा सांगाडा घेऊन एकेक गट जोडत रेणू घडवला. अमाइड जोडल्यावर तो टायरोसिन कायनेजना रोखू लागला. पण प्रोटीन कायनेज सी हे भलतंच एन्झाइमही अडत होतं. मग बेंझिनच्या कड्यावर नेमक्या जागी एक मिथिल बसवला. त्यामुळे रेणूला पीळ पडला आणि प्रोटीन कायनेज सीवरचा परिणाम थांबला! विरघळणं सुधारायला मिथिलपिपरॅझीन आलं.

2000 साली जॉन कुरियन यांच्या गटाने इमॅटिनिबच्या जवळच्या रेणूसह या एन्झाइमच्या एबीएल भागाची स्फटिकरचना क्ष-किरणांनी उलगडली. रेणू एन्झाइमच्या निष्क्रिय रूपाला धरून बसतो, हे त्यात दिसलं. निवडकपणाचं मोठं कारण मला यातच दिसतं.

2001 मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. याच औषधाच्या बीटा स्फटिकरूपाचं पेटंट आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी नाकारलं.