जन्मवजन हे नशीब नव्हे!

मुले मैदानावर खेळत नाहीत म्हणून जाड होतात, त्यांना व्यायाम लावा, असा उपदेश आपण रोज ऐकतो. उपदेश खोटा नाही, पण अर्धाच आहे. मुलाच्या अंगात चरबी किती आणि स्नायू किती, याचा हिशेब आईच्या पोटातच सुरू होतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी रोड होती, मात्र कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत, आतून चरबी धरलेली! अशी मुले पुढे झपाट्याने वजन वाढवू लागली की मधुमेहाचा धोका वाढतो. मधुमेह हा श्रीमंतांचा रोग, ही समजूत आता सोडावी. याच अभ्यासात दिसले की गरोदरपणी शेतात, घरात जड कष्ट उपसणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान भरली आणि पालेभाज्या, फळे खायला मिळालेल्या स्त्रियांची बाळे मोठी.

आता आपल्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याकडे पाहा. पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाची उचल फिटेपर्यंत उसंत नाही. खाडा झाला तर पैसे कापले जातात. पोटुशी बाईसुद्धा डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. तिला सव्वादोन किलोचे बाळ झाले तर म्हणायचे, पूर्वजन्मीचे कर्म! धम्म स्वीकारलेल्या माणसाने तरी हा शब्द तोंडातून काढू नये. तथागतांनी कारण शोधायला शिकवले, आणि इथे ते कारण उसाच्या फडात उघड्या डोळ्यांना दिसते.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. प्रसूतीआधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ चा तो कायदा कारखान्यातील स्त्रियांसाठी होता. ऊसतोड बाईचे नाव मात्र साखर कारखान्याच्या हजेरीपटावरच नसते.

तिच्यासाठी २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा आहे. कलम ४ प्रमाणे प्रत्येक गरोदर स्त्रीला अंगणवाडीतून मोफत आहार आणि, नियमित सरकारी नोकरीतील किंवा अन्य कायद्याने तसाच लाभ मिळणाऱ्या स्त्रिया वगळता, किमान ६००० रुपये. कायद्यात पहिल्याच अपत्याची अट नाही. २०१७ च्या योजनेने ती घातली, रक्कमही ५००० केली. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तरच पुन्हा लाभ. हक्क योजनेच्या अधीन आहे, असे सरकार म्हणेल. पण अधीन म्हणजे अर्धा कापलेला, असा अर्थ कुठल्या न्यायशास्त्रात बसतो?

जी मुले कमी वजनाची जन्मली, ती आज आपल्या शाळांत, वसतिगृहांत आहेत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील किशोरवयीनांच्या संशोधनात, कमी जन्मवजनामुळे इन्सुलिनच्या कामात येणारा बिघाड भरपूर हालचाल करणाऱ्या मुलांत सौम्य आढळला. म्हणजे मैदान ही चैन नव्हे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात शाळेला मैदान असावे, हे लिहिलेलेच आहे. शाळा व्यवस्थापन समितीतील आपल्या पालकांनी ते लेखी मागावे. फडावर गेलेल्या गर्भवतीची नोंद कारखान्याजवळच्या अंगणवाडीत करून आहार मागावा, तोही लेखीच. अर्जाची पोच सही-शिक्क्यासह घ्यावी.