मुलं मार्गी लागली, आता मठात जातो

माणदेशात निवृत्तीला टेकलेला माणूस घरात कुणावर रुसला की एक धमकी ठरलेली असते: "मी आता गोंदवल्याला जाऊन राहतो." धमकी द्यायला सोपी, कारण गोंदवलं जवळ आहे. दहिवडीहून एसटीत बसलं की थोड्या वेळात माणूस समाधी मंदिराच्या दारात. वसईच्या कॅथलिक घरात एखाद्या विधवेला उतारवयात शेकडो मैलांवरच्या कार्मेल मठाची ओढ लागली, तर तिथे तिला 'पाचारण' म्हणतात. शब्द वेगळा असला तरी भोवतीच्या समजुती त्याच असतात. आता सुटली बिचारी संसारातून. किंवा, मुलांनी बघितलं नाही म्हणून गेली. किंवा, वय झालं की देवाचं दार आपोआप उघडतं, फक्त पोचायचा अवकाश.

यातली प्रत्येक समजूत तपासायला माण तालुक्यापासून सुरुवात करणं सोयीचं, कारण सगळ्यात मोठा गैरसमज याच तालुक्यातल्या सत्पुरुषाबद्दल आहे. ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराज (1845–1913) संन्यासी होते, असं अनेकांना वाटतं. ते आयुष्यभर गृहस्थ होते. गणपती रावजी घुगरदरे हे त्यांचं नाव. लहानपणीच ते गुरूच्या शोधात घराबाहेर पडले आणि शेवटी मराठवाड्यात येहळेगावला तुकामाईंपाशी पोचले. त्या काळी माणहून येहळेगाव म्हणजे खरोखर दूरदेश. चरित्रं सांगतात, की तुकामाईंनी त्यांची महिनोन् महिने कसोटी पाहिली. आणि अनुग्रह झाल्यावर काय आज्ञा केली? इथेच राहा, असं नव्हे. घरी जा, प्रपंचात राहा आणि लोकांना रामनामाला लाव, ही. पहिली पत्नी वारल्यावर महाराजांनी आटपाडीच्या देशपांड्यांच्या अंध मुलीशी लग्न केलं. ज्यांच्या नावाने माणदेशी माणूस घर सोडण्याची धमकी देतो, ते महाराज आलेल्या बहुतेकांना नाम देऊन परत घरीच पाठवत होते. धमकी देणाऱ्याने हे लक्षात घेतलं तर घरच्यांची काळजी बरीच कमी होईल.

"आपल्याकडे वानप्रस्थ सांगितलाच आहे, त्यामुळे साठीनंतर जाणं हा हक्क आहे" हा दुसरा समज. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवंड पाहिलं की अरण्याकडे वळावं असं आहे, हे खरं. पण जाणाऱ्याने आधी काय निस्तरायचं, हेही जुन्या ग्रंथांनी सांगून ठेवलं आहे आणि ते फारसं कुणी वाचत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बायकामुलांची तजवीज न करता संन्यास घेणाऱ्याला चक्क दंड आहे. कामवासना ओसरलेल्या वयात संन्यास घेता येतो, पण तोही न्यायाधिकाऱ्यांना विचारून. कौटिल्य भाविक माणसावर संशय घेत होता असं नाही. माणूस भाविक होण्याची कारणं त्याला ठाऊक होती.

आजचा कायदाही गप्प बसत नाही. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 13 मध्ये, जोडीदाराने संन्यासपंथात प्रवेश करून संसाराचा त्याग केला, तर दुसऱ्याला घटस्फोट मागता येतो. जुन्या हिंदू कायद्यात तर विधिपूर्वक संन्यास म्हणजे नागरी मृत्यू. माणूस जिवंत, पण त्याच्या मालमत्तेचे वारस उभे राहणार. भगवी कफनी घालून सातबाऱ्यावर नाव ठेवायचं, ही सोय परंपरेने दिलेली नाही. नुसतं मठात मुक्कामाला जाणं आणि विधी करून संन्यास घेणं यांत कायद्याच्या नजरेनेही अंतर आहे.

आता कार्मेलकडे. मुंबई-पुण्यात 'माउंट कार्मेल' नावाच्या शाळा आहेत, त्यामुळे मराठी माणसाला कार्मेलच्या सिस्टर म्हटलं की शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या कडक बाई आठवतात. त्या बहुधा अपोस्टोलिक कार्मेल या संघाच्या असतात. या संघाच्या भगिनी 1870 मध्ये मंगळूरला आल्या आणि शिक्षण हेच त्यांचं काम. बंदिस्त मठातल्या कार्मेलाइट भगिनी वेगळ्या. त्या शाळा चालवत नाहीत, दवाखाना चालवत नाहीत, सहसा मठाच्या आवाराबाहेर पडत नाहीत. स्पेनमधल्या आविला गावच्या तेरेसाने 24 ऑगस्ट 1562 ला पहिला सुधारित मठ उघडला, तेव्हा ती 47 वर्षांची होती आणि तोवर जुन्या, सैल वळणाच्या मठात तिने पंचवीसेक वर्षं काढली होती. तिच्या नियमात दिवसाला दोन तास मौन ध्यान, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. शिवाय दिवसभरात ठरलेल्या वेळी स्तोत्रपठण, हाताने केलेलं काम, मांस वर्ज्य आणि 14 सप्टेंबरपासून ईस्टरपर्यंतचा लांबलचक उपवास. मठात माणसं मोजकी, सुरुवातीला तेराच. गप्पांसाठी दिवसातून दोनदा वेळ राखलेला, कारण एकमेकींना सहन करता आलं नाही तर ध्यान टिकत नाही, हे तेरेसाला अनुभवाने कळलं होतं.

अशा ठिकाणी साठीची बाई विश्रांतीला जाते, हा समज त्या दिनक्रमासमोर टिकत नाही. वृद्धाश्रमात आपली काळजी घेतली जाते. इथे आपल्यापेक्षा म्हाताऱ्या भगिनींची काळजी नव्याने आलेलीलाच घ्यावी लागते, आणि तीही तिशीतल्या प्रमुखेच्या आज्ञेत. ज्या बाईने तीस वर्षं घर चालवलं, सुनांना वळण लावलं, तिला स्वयंपाकघरात भांडं कुठे ठेवायचं हे दुसऱ्या कुणीतरी सांगावं आणि तिने ते निमूट ऐकावं, ही उपवासापेक्षा कठीण गोष्ट असते. पॅरिसची मादाम बार्ब अकारी हे याचं नामांकित उदाहरण. सहा मुलांची ही आई फ्रान्समध्ये कार्मेल आणणाऱ्यांपैकी एक. 1604 मध्ये पहिला मठ तिच्या खटपटीने उभा राहिला. नवरा 1613 मध्ये वारला. पुढच्या वर्षी 48 व्या वर्षी ती आमिआँच्या मठात गेली, ती स्तोत्रपठण करणारी भगिनी म्हणूनही नाही, तर स्वयंपाक आणि धुणीभांडी करणारी साधी भगिनी म्हणून. तिची मुलगी त्याच मठात आधीपासून होती आणि तिथल्या उपप्रमुखेच्या जागी होती. मुलीच्या आज्ञेत आई. 1618 मध्ये ती वारली.

आपल्या किनाऱ्यावरही असं उदाहरण आहे, फक्त संघ वेगळा. जुन्या गोव्यातला सांता मोनिकाचा मठ आर्चबिशप मेनेझिस यांनी 1606 मध्ये ऑगस्टिनियन भगिनींसाठी स्थापन केला. त्याची पहिली प्रमुख फिलिपा फेरेइरा विधवा होती आणि मुलीला घेऊन आत गेली होती. मठ म्हणजे कोवळ्या मुलींचीच जागा, हा समज तेव्हाही खोटा होता.

"म्हणजे वयाची अट नाही तर." इथे थोडं थांबावं लागतं. चर्चच्या कायद्यात खालची मर्यादा आहे, सतरा वर्षं पूर्ण. वरची नाही. पण प्रत्येक मठ आपली अट स्वतः ठरवतो, आणि पन्नाशीपुढच्या उमेदवाराला घ्यायला अनेक मठ नाखूश असतात. त्याचं कारण हिशेबात आहे. 2018 च्या रोमच्या नियमावलीनुसार बंदिस्त मठातल्या भगिनीचं प्राथमिक प्रशिक्षण किमान नऊ वर्षांचं आहे: किमान एक वर्ष उमेदवारी, मग किमान एक वर्ष पूर्वतयारी, दोन वर्षं नवदीक्षितेचं शिक्षण (नोव्हिशिएट), पाच वर्षं तात्पुरती व्रतं. त्यानंतर कायमची शपथ. बासष्टाव्या वर्षी दार ठोठावलं तर एकाहत्तराव्या वर्षी आपण 'आत' असतो. मधल्या काळात दोन्ही बाजूंना नकार देता येतो. पाचारण आपल्याला आलं की झालं, असं कार्मेल मानत नाही; मठालाही ते ऐकू यावं लागतं. भगिनी मतदान करतात. तिथे हरलेली बाई परत घरी येते, आणि तिला पळून आलेली म्हणणं अन्यायाचं आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या दुष्काळी भागाला विशेष कळेल. चर्चच्या कायद्यानुसार कर्ज फेडू न शकणाऱ्याला मठात घेता येत नाही. सोसायटीचं थकीत पीककर्ज मागे ठेवून देवाकडे पळण्याची वाट बंद. नवरा किंवा बायको हयात असून लग्न कायम आहे, अशांचा प्रवेश तर मुळातच अवैध ठरतो. एखाद्याने वैवाहिक कटकटीवर उपाय म्हणून मठ शोधला, तर मठ त्याला प्रथम त्या कटकटीकडेच परत पाठवतो.

इथे साताऱ्याचंच एक उदाहरण आठवतं, आणि ते या चौकटीत बसत नाही. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1861 चा जन्म, 1895 मध्ये बाप्तिस्मा, मग अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये नोकरी. 1917 मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतल्याचं जाहीर केलं आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. टिळक प्रोटेस्टंट होते. त्यांच्या मिशनकडे मठाची व्यवस्थाच नव्हती, म्हणून परवानगी मागायला दार नव्हतं. पत्नी लक्ष्मीबाई हयात, संसार चालू. कॅथलिक मठाने त्यांना दारातूनच परत पाठवलं असतं. 9 मे 1919 ला ते वारले, म्हणजे दरबाराला दोन वर्षंही पुरी मिळाली नाहीत. त्यांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. संन्यास एकाने घ्यायचा आणि राहिलेलं काम दुसऱ्याने पुरं करायचं, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे.

उशिरा जाणारा म्हणजे ज्याला उशिरा सुचलं तो, हा समज तर सर्वांत चिवट. सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या जैन घरांत आचार्य शांतिसागर महाराजांची कथा लहान मुलांनाही ठाऊक असते. भोज गावच्या पाटील घराण्यात 1872 मध्ये जन्मलेल्या सातगौडांना तरुणपणीच दीक्षा घ्यायची होती. आम्ही आहोत तोवर घरी राहा, असं वडिलांनी सांगितलं आणि ते राहिले. आईवडील गेल्यावर, चाळिशी ओलांडल्यावर, उत्तूरला पहिल्या टप्प्याची, म्हणजे क्षुल्लक, दीक्षा. 1920 मध्ये मुनिदीक्षा. 1924 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या समडोळीला आचार्यपद. दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार, केस हाताने उपटायचे, अनवाणी विहार. हे चाळिशीनंतर सुरू करणं काय असतं, याचा अंदाज गुडघे दुखणाऱ्या कुणालाही येईल. इथेही टप्पे आहेत, क्षुल्लक, ऐलक, मुनी, आणि माणूस कोणत्या टप्प्यावर थांबेल हे आधी सांगता येत नाही. त्यांचे थोरले बंधू देवगौडा यांनी त्यांच्याहूनही उशिरा दीक्षा घेतली आणि ते वर्धमानसागर झाले. 18 सप्टेंबर 1955 ला कुंथलगिरीवर सल्लेखनेत, म्हणजे आमरण उपवासाच्या व्रतात, शांतिसागरांचा देह पडला.

एडिथ श्टाइनचं वळण याला आश्चर्यकारकपणे समांतर आहे. जर्मनीतल्या ब्रेस्लाऊच्या ज्यू घरातली ही तत्त्वज्ञ 1922 मध्ये ख्रिस्ती झाली आणि तेव्हाच तिला कार्मेलमध्ये जायचं होतं. धर्मगुरूंनी थांबवलं, आईला हा धक्का सोसवणार नाही, हेही एक कारण. अकरा वर्षांनी, 1933 च्या ऑक्टोबरात, 42 व्या वर्षी ती कोलोनच्या मठात गेली. भोज आणि ब्रेस्लाऊ यांच्यात काही संबंध नाही, पण दोन्ही ठिकाणी उशीर झाला तो इच्छा नव्हती म्हणून झाला नाही. घरात वडीलधारी माणसं होती म्हणून झाला.

शेवटचा समज तडजोड न मानणाऱ्यांचा: मठात घेतलं नाही, तर सगळं संपलं. कार्मेलच्या तिसऱ्या संघात संसारी लोकांना प्रवेश आहे. तेही ध्यान आणि पठण करतात, वर्षानुवर्षांच्या तयारीनंतर वचन देतात, आणि मग घरी येऊन भाकऱ्या थापतात. गोंदवल्यालाही सेवेला येणारे, काही दिवस राहून, पंगतीत वाढून परत जाणारे कितीतरी आहेत, आणि महाराजांच्या शिकवणुकीत त्यांची जागा खालची नाही.

ज्यांना तरीही दूरच्या मठाला पत्र लिहायचं आहे, त्यांच्यासाठी व्यवहाराचं एवढंच. पहिल्या पत्रात दर्शनं, स्वप्नं, साक्षात्कार लिहू नयेत. मठप्रमुखा त्यांनी बिचकतात. वय, आजार, औषधं, मुलांची परिस्थिती आणि देणी स्पष्ट लिहावीत. मठाने बोलावलं तर आधी पाहुणी म्हणून जाऊन राहावं, पावसाळ्यात जमल्यास उत्तम, कारण ओल्या भिंतींत संधिवात किती वाढतो ते तेव्हाच कळतं. कायमच्या शपथेआधी मृत्युपत्र करावंच लागतं, तेव्हा जमिनीची वाटणी त्याआधी भावंडांत आणि मुलांत उरकलेली बरी. आणि प्रवेशाच्या वेळी बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरणाचा दाखला आणि आपण विवाहबंधनात नसल्याचा पुरावा लागतो. विधवेसाठी म्हणजे ग्रामपंचायतीतून काढलेला नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, मूळ प्रतीसह.