बेल्हे परिसरातील गोधडीकाम : लहान वस्तूंचे श्रम व मोल

बेल्हे हे जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातील जुने बाजारगाव असून तेथील सोमवारचा बैलबाजार प्रसिद्ध आहे. भोवतालच्या शेतकरी मुलखात पूर्वी जीर्ण वस्त्र सहसा टाकून दिले जात नसे. लुगडे, धोतर, सदरा यांचे धड राहिलेले भाग गोधडीत जात. त्याहून लहान तुकडे ठिगळांस उपयोगी पडत. गोधडी ही घरच्या उपयोगाची वस्तू असल्याने तिच्या श्रमाची किंमत करण्याचा प्रसंग सहसा येत नसे. तुकड्यांपासून शिवलेल्या लहान वस्तू विक्रीस मांडताना मात्र हाच प्रश्न प्रथम उभा राहतो.

गोधडीची रचना साधी आहे. खाली एक अखंड कापड, मध्ये जुन्या कापडाचे थर व वर जोडलेले तुकडे अशी मांडणी करून ते सर्व धावदोऱ्याने एकत्र शिवतात. टाके बहुधा कडेपासून आत, चौकटीमागून चौकट असे घातले जातात. या टाक्यांमुळे थर सरकत नाहीत व धुतल्यावर गोळा होत नाहीत. वारंवार धुतलेले सुती कापड मऊ असल्याने सुई सहज चालते आणि अंथरूण उबदार होते.

हीच पद्धत लहान वस्तूंतही आढळते. तान्ह्या मुलाचे दुपटे, बसावयाचे बस्कर, बटवा, पान-तंबाखूची चंची ही तिची परिचित उदाहरणे होत. आता त्यांत गरम भांडे धरावयाचे जाड चौकोन, ताटाखालची आसने, पिशव्या यांची भर पडली आहे. पुण्यातील भीमथडी जत्रा, मुंबईतील महालक्ष्मी सरस अशा प्रदर्शनांत बचत गटांच्या स्त्रियांना आपल्या मालाची विक्री करता येते.

विक्रीसाठी मात्र शिंप्याकडील नवी कतरण अधिक उपयोगात येते. नव्या कापडात खळ असते, ते आटते आणि त्याचा रंगही जाण्याचा संभव असतो. यास्तव सर्व तुकडे शिवण्यापूर्वी धुवून घेणे आवश्यक असते. अन्यथा पहिल्याच धुण्यात वस्तूला सुरकुत्या पडतात. गरम भांड्यासाठीच्या चौकोनांत नायलॉन वा पॉलिएस्टर वापरू नये, कारण ते उष्णतेने वितळते.

आता मोलाचा विचार करू. सहा फूट लांब व चार फूट रुंद गोधडीचे क्षेत्रफळ २४ चौरस फूट भरते. तेवढ्याच क्षेत्रफळात आठ इंची ५४ चौकोन बसतात. यावरून एका चौकोनाचे श्रम गोधडीच्या श्रमाच्या चौपन्नाव्या हिश्शाएवढे असावेत असे वाटते. वस्तुतः तसे नाही. गोधडीची कड २० फूट असते. ५४ चौकोनांची एकूण कड १४४ फूट होते. गोधडीला चार कोपरे, तर चौकोनांना मिळून २१६. टाक्यांच्या ओळींत अर्ध्या इंचाचे अंतर धरल्यास मधली शिलाई दोन्ही ठिकाणी सुमारे ५७६ फूटच राहते. परंतु कड धरून एकूण शिलाई ५९६ फुटांवरून ७२० फुटांवर जाते, म्हणजे सुमारे एक पंचमांशाने वाढते. शिवाय कडेची शिलाई मधल्या धावदोऱ्याहून सावकाश होते. कापडाचेही तसेच आहे. प्रत्येक बाजूस अर्धा इंच दुमड धरली, तर ६४ चौरस इंचांच्या तयार चौकोनास वरखाली ८१ चौरस इंचांचे तुकडे लागतात.

या हिशोबाकडे दुर्लक्ष झाल्यास दोन परिणाम संभवतात. एक तर शिवणारीच्या पदरी श्रमाचा पुरता मोबदला पडत नाही; नाहीतर वेळ वाचविण्यासाठी टाके विरळ होतात व कड लवकर उसवते. दुसऱ्या परिणामाने ग्राहकही परत येत नाही. म्हणून किंमत कापडाच्या आकारावरून न ठरवता एक नमुना पूर्ण शिवून, धुणे, कापणे व कड दुमडणे यांसह लागलेला वेळ मोजून ठरविणे इष्ट होय. चिंधी फुकट मिळाली तरी तिला वस्तूचे रूप देणारा वेळ फुकट नसतो. घरातील गोधडीत हा वेळ मायेच्या खाती जमा होत असे. बाजारात त्याची नोंद किमतीतच व्हावयास हवी.